जबड्यात एकच तार

मित्रांनो, मला दात नाहीत, नुसता जबडा आहे. मी एक जुना क्लॅम्प मीटर. तार न तोडता, न सोलता जबड्यात धरली की तिच्यातून किती अँपिअर वाहतात ते माझा काटा दाखवतो. पोटातून दोन वायरी निघतात, त्या टेकवल्या की व्होल्ट सांगतो. पुढचा हिशेब माणसाने करायचा असतो. बहुतेक माणसं तिथेच थांबतात.

माझा जन्म कुठे झाला मला आठवत नाही. आठवतो तो घाना देशातल्या तेमा बंदरातला जुन्या सामानाचा ढीग आणि त्यातून मला उपसणारे मास्टर न्सिया. एक मनगटी घड्याळ आणि तीन मोठाले याम कंद देऊन त्यांनी मला घेतलं आणि आपल्या गावी, ऑफिन्सोला आणलं. तिथे मी सव्वीस वर्षं चाकरी केली.

मास्टरांची एक सवय होती. आकडा वाचण्याआधी माझ्या काचेवर नखाने दोनदा वाजवायचं. टक, टक. जुना काटा कधीकधी अडकतो म्हणून. गावकरी म्हणत, "न्सिया आधी मीटरला विचारतो, आत येऊ का?"

त्यांची मुलगी पोमा त्यांच्याच बाकावर शिकली. मास्टर सांगत, "व्होल्टला अँपिअरने भाग, तारेचा हट्ट किती ते कळतं. व्होल्टला अँपिअरने गुण, तो हट्ट किती तापतोय ते कळतं. आणि पोरी, जबड्यात तार एकच घ्यायची. जाणारी आणि येणारी दोन्ही घेतलीस तर मीटर म्हणणार शून्य. दोन सवतींना शेजारी बसवून विचारलं, तर त्या 'आमचं काही नाही' असंच सांगणार!"

सगळ्या ऑफिन्सोचं वायरिंग मास्टरांनी केलं. स्वतःच्या घराचं ते पुढच्या रविवारी करणार होते. एकोणीस वर्षं तो रविवार आला नाही. घरचा फ्यूज उडाला तेव्हा तिथे जाड तार अडकवली, तात्पुरती. छतातला एक सांधा चिकटपट्टीने गुंडाळला, तात्पुरता. मग मास्टरच गेले, ते मात्र कायमचे.

जाण्याआधी आठ महिने मास्टर अंथरुणाला खिळले होते आणि मी खिळ्याला लटकून होतो. आजारी माणसाच्या हत्यारांना कोणी विचारत नाही.

अंत्यविधी शनिवारी सकाळी होता. आमच्याकडे देह कुळाचा असतो आणि कूळ आईकडून येतं. त्यामुळे पोटच्या मुलीलाही बापाच्या अंत्यविधीत शब्द नसतो. मास्टरांच्या कुळाचे वडीलधारे म्हणजे दानक्वा काका. त्यांनी घराच्या अंगणात मांडव घातला, कपाटाएवढे स्पीकर आणले, थंड पाण्यासाठी तीन फ्रीजर लावले. आत मास्टरांना केंते या रंगीत विणीच्या मानाच्या वस्त्रात पितळी पलंगावर निजवलं आणि भोवती रंगीत दिव्यांच्या माळा सोडल्या.

स्पीकर दणाणला की दिवे पिवळे पडत आणि मास्टरांचा चेहरा हलल्यासारखा वाटे. खोलीत मासे जळल्याचा वास होता, पण मासे कुठेच शिजत नव्हते. मग शवागारातून गारठून आलेल्या त्या देहाच्या कपाळावर घाम फुटला.

"मास्टर आलेत!" एक बाई किंचाळली.

"आले तर बसतील," दानक्वा काका म्हणाले. "अजून एक स्पीकर लावा रे."

"काका, थांबा," पोमा म्हणाली. "वायर तापलीये."

"तुझ्या आईकडच्या मयताला थांबव. इथे नाही."

पोमाने मला खिळ्यावरून काढलं. पलंगाच्या उशाशी मीटरबोर्ड होता. तिथून वर छतात जाणारी अख्खी केबल तिने माझ्या जबड्यात धरली. तिचे डोळे भरलेले होते. माझा काटा शून्यावर.

"बघ!" काका म्हणाले. "तुझा बापच सांगतोय, काही झालं नाही. आता उगाच अपशकुन करू नकोस."

पोमाचा एक हात माझ्या मुठीवर होता, दुसरा केबलवर. काचेला हात पोचेल इतकं जवळ दुसरं कोणी नव्हतं. आणि माझ्या काचेवर नख वाजलं.

टक, टक.

मी यंत्र आहे, मित्रांनो. जे घडतं तेवढंच सांगतो.

पोमा दचकली. तिने केबलकडे पाहिलं. आत दोन्ही तारा होत्या, जाणारी आणि येणारी. "दोन्ही सवती," ती पुटपुटली. बोर्डाशी जिथे तारा सुट्या होत्या तिथे तिने एकच जबड्यात घेतली. काटा चाळीसवर गेला.

मग तिने माझ्या वायरी टेकवल्या. बोर्डावर दोनशे तीस व्होल्ट. धावत अंगणात गेली. तिथे एकशे नव्वद.

"चाळीस व्होल्ट वाटेतच जातायत, काका. चाळीसला चाळीसने भागलं, एक ओहम. चांगल्या तारेत इतका हट्ट नसतो, कुठेतरी सांधा सडलाय. आणि चाळीस गुणिले चाळीस, सोळाशे वॉट! तापलेली दीड इस्त्री आहे तिथे वर. बाबांच्या तोंडावर!"

"कुळाची लाज—"

तिने मुख्य खटका पाडला.

स्पीकर मेले. तीनशे माणसं गप्प झाली. त्या शांततेत छतातून बारीक चर्र आवाज आला आणि हळूहळू विरला. पोमा पलंगावर चढली, बापाच्या खांद्याशी आपले पाय ठेवून, आणि छताची फळी सरकवली. फळी आतून काळी पडली होती. सांध्यावरची चिकटपट्टी वितळून लोंबत होती; मासे जळल्याचा वास तिचाच होता.

दानक्वा काकांनी वर पाहिलं. "माझ्याच माणसाला मी माझ्याच रोषणाईने जाळला असता," ते म्हणाले. मग बाहेर वळून ओरडले, "ढोल आणा! स्पीकर न्या! आणि ही सांगेल तेवढेच दिवे लावा. आज हिचं कूळ कोणी काढायचं नाही."

पोमाने सांधा तिथेच नवा केला, बापाच्या उशाशी उभं राहून. मास्टरांचा रविवार शनिवारीच उजाडला.

मित्रांनो, घरात 'तात्पुरतं' असं काही बांधून ठेवलं असेल, तर ते आजच उघडून बघा. आणि खिळ्याला टांगलेल्या म्हाताऱ्या वस्तू अधूनमधून हातात घेत जा.

आता मी पोमाच्या कमरेला असतो. वाचण्याआधी तीही काच वाजवते. पण कधी तिचे दोन्ही हात तारांत गुंतलेले असतात, आसपास कोणी नसतं, आणि तरी काच वाजते. टक, टक.

पोमा वर बघत नाही. "हो बाबा," म्हणते, "एकच घेतलीये."