तोटीतली देवी

शेंद्र्याच्या रस्त्यावर पाचशे माणसं अनवाणी उभी होती. दुष्काळाचं दुसरं वर्ष, टँकर आठवड्यातून एकदा; पण रांग पाण्याची नव्हती. बोअरच्या लोखंडी तोटीत म्हणे देवी आली होती. हात लावला की अंगभर झिणझिण्या!

"चपला काढा, पाय भिजवा, मगच माय अंगात शिरंल!" खडावा घातलेले बाबा ओरडत होते. "पांगळं चालंल, मुकं बोलंल!"

"लई जागृत हाय, बाई," गर्दी पाहून थांबलेल्या मला रांगेतल्या साळूबाई म्हणाल्या. "लाइट गेली की माय बी निजती."

मी कपाळावर हात मारला. एकतीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात वीज शिकवली. संशोधन सगळं अर्थिंगवर, म्हणजे गळणारा करंट माणसात न शिरता जमिनीत कसा जाईल, यावर. बावीस शोधनिबंध! आणि कॉलेजपासून तासाभरावर त्याच करंटची आरती चालली होती.

रांगेच्या तोंडाशी हिमांशू दिसला. माझा जुना विद्यार्थी, विद्यापीठात पहिला आलेला. सोबत त्याची सहा वर्षांची लेक सावनी, एका पायानं अधू. तो तिचे पाय भिजवत होता. मी धावत जाऊन पोरीला मागे ओढलं.

"बाई, कोप होईल!" बाबा गरजले.

"मग तुम्ही खडावा काढा, पाय भिजवा आणि धरा तोटी."

"आमी साधक. आमचा संचार सूक्ष्म असतो."

कोरड्या लाकडातून वीज जात नाही, एवढाच तो सूक्ष्मपणा.

पर्समधला टेस्टर तोटीला टेकवला. दिवा लागला. मग मेन स्विच बंद करून साळूबाईंना पुढे बोलावून म्हटलं, "आता धरा."

"गेली की वं माय!"

खांबावरची स्टार्टरची पेटी उघडून दाखवली. घासलेली वायर पत्र्याला टेकत होती आणि पत्र्यातून करंट तोटीच्या पाइपात उतरत होता. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतावं लागतं. इथं प्यायलाच नव्हतं, तर खड्ड्याला कोण घालणार? करंटला जमिनीची वाट उरली नव्हती. म्हणून तो माणसांतून जात होता. वायर अजून थोडी उघडी पडती, तर तिथंच मुडदे पडले असते.

"तुलासुद्धा कळलं नाही?" मी हिमांशूवर भडकले.

"पहिल्याच झिणझिणीत कळलं, मॅडम." त्यानं मान खाली घातली. "पण सावनीसाठी सगळे डॉक्टर करून झाले. फिजिओथेरपीच्या दवाखान्यातही करंट देतातच. म्हटलं, कदाचित..."

"तिथे मोजून देतात, हिमांशू. हा कुणी मोजला होता?"

तो रडायला लागला. मलाही आवरेना.

तोटीला झिणझिण्या आल्या तर हात जोडू नका, मेन बंद करा, वायरमन बोलवा. आणि ज्यांना सगळं कळतं, त्यांनी तरी आपली लेकरं त्या रांगेत उभी करू नका.