लाझारची पहिली तोडणी

बापाने द्राक्षांची बाग हवाली केली आणि लाझारची झोप उडाली. बाटलीवर पहिल्यांदाच त्याचं नाव लागणार होतं. लवकर तोडावी तर वाइन आंबट, थांबावं तर पावसाने द्राक्षं कुजणार. सोमवारी त्याने तोडणाऱ्यांना बोलावलं आणि परत पाठवलं. मंगळवारी तेच. बुधवारी लोक आपणहून आले, कॉफी प्यायले आणि निघून गेले.

"बाबा, तोडू का?"

"बाग तुझी," म्हातारा म्हणाला, आणि त्याने असा उसासा टाकला की लाझारचं जेवणच गेलं.

गुरुवारी पश्चिमेला काळे ढग धरून आले. तोडणाऱ्यांना घेऊन लाझार आभाळाकडे बघतच उतारावर शिरला. बर्गंडीतल्या त्या उतारावर कुंपण नसतं. एकाची बाग संपते तिथे एक दगड, बस.

"इथून सगळ्या ओळी! पळा!"

दुपारपर्यंत वेल साफ. लाझार पाव-सॉसेज घेऊन टेकतोय, तोच शेजारच्या मादाम जिस्लेन काठी टेकत आल्या.

"झकास तोडलीस रे पोरा. घोस म्हणून शिल्लक नाही."

"आभारी आहे, मादाम."

"आभार कसले? माझी बाग होती ती. तुझी दगडापलीकडे. बघ, द्राक्षं कशी लटकलीयेत."

लाझारने बघितलं. लटकली होती.

"आता हो?"

"आता काय! तुझ्या आजोबांनी दोनदा केलंय हे, एकदा तर मुद्दाम. रीत ठरलेली आहे. यंदा ही तोडलेली द्राक्षं तुझी, त्या बागेतली माझी."

"मग ती कधी तोडणार?"

"पिकली की."

"आणि पाऊस?"

"पडू दे. तुझं काय जातंय?"

जात काहीच नव्हतं. पाऊसही आला नाही, नुसतं ऊन. लाझारच्या पिंपातला रस चाखला की जीभ आखडायची, म्हणून तो रोज इकडेतिकडे न बघता पलीकडे जाऊन कोपऱ्यातल्या वेलाचा एक मणी चावायचा आणि हळहळायचा. काल गोड, आज त्याहून गोड. शेवटी एकदा मादाम तिथे आल्या तेव्हा त्याला राहवेना.

"मादाम, हात जोडतो, आज तोडा! बिया दाताखाली करकर वाजतायत, साल सुटतंय. याच्यापुढे एक दिवस नको!"

"बरोबर ओळखलंस," मादाम म्हणाल्या. "पण एक दिवस उशिरा. मी कालच तोडली."

लाझार गरकन वळला. मागे सगळी बाग मोकळी होती.

"आणि हा वेल?"

"तू रोज येतोस, म्हणून ठेवला. पुढच्या वर्षी बिया अशाच चाव, आभाळ नको बघूस. ने, हा तुझा."

लाझारने त्या एकुलत्या वेलाला हात लावला. घोस टपोरे, रसरशीत होते. त्याने कात्री काढली आणि परत खिशात ठेवली.

"मादाम," तो म्हणाला, "मग हा कधी तोडू?"