उशीतला कापूस

टर्र! दुपारच्या सामसूम घरात शिवण उसवल्याचा आवाज झाला, तशी ती ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून धावली. तिच्या चिऊची नवी उशी मांडीवर घेऊन तिचे वडील, आबा, बसले होते.

"आबा! कालच आणलीय ना ती!"

"बघत होतो जरा." चोरी पकडल्यासारखे ते हसले. "हाताला सवय गं."

सवय तीस वर्षांची. सरकी काढून गाठी बांधणाऱ्या जिनिंगच्या कारखान्यात ते कापसाचे पारखी. गाठीतून चिमूटभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा आणि तंतूची लांबी नुसत्या नजरेनं सांगायची. तिच्या सासरी पहिल्यांदा गेले, तेव्हाही बोलता बोलता व्याह्यांच्या गादीचा कोपरा उसवून बसले होते. ती मेल्याहून मेली होती तेव्हा.

पण गेले पंधरा दिवस कारखाना बंद होता, म्हणून आबा लेकीकडे आले होते. श्रीमंत देशांची सरकारं आपल्या शेतकऱ्यांना पैसे पुरवतात, म्हणून तिकडचा कापूस मातीमोल भावात बाजारात येतो आणि इकडच्या गाठी गोदामात पडून राहतात. ते पैसे कमी करायचे का, यावर देशोदेशीचे मंत्री बैठकीला बसले होते. हो म्हणाले तर गाठी जहाजावर, नाहीतर कारखान्याला कुलूप. मॅनेजरसाहेब आज फोन करणार होते.

"आजोबा, माझी उशी पास?" पाच वर्षांच्या चिऊनं विचारलं.

आबांनी चिमूट ओढली. "नापास! आखूड आहे. आणि ही शिवणीतली छापील पट्टी बघ, परदेशातून बोटीतून आलीय तुझी उशी."

तेवढ्यात फोन वाजला.

"हं... बरं साहेब... हो, आणून देतो."

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"जमलं नाही त्यांचं. पुढच्या बैठकीत बघू म्हणतात." आबांनी खिसा चाचपला. "पारख खोलीची किल्ली उद्या परत मागितलीय." मग तिच्याकडे बघून म्हणाले, "आता तुझ्या घरातल्या गाद्यांची काही खैर नाही बघ."

ती हसली आणि सुईदोरा शोधायला उठली.

खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली. शेवटच्या गाठीतला नमुना, लांब, रेशमासारखा. तो उशीत भरून त्यांनी कडा जुळवून धरल्या. ती सुईदोरा घेऊन समोर बसली.

शिवण मिटायच्या आत चिऊनं बोट आत घातलं, गालावरून फिरवावं तसं हळूच फिरवलं.

"आई, आजोबांचा कापूस एवढा मऊ आहे, मग तो कुणालाच कसा नको?"

सुई तिच्या हातात तशीच राहिली. कडा मात्र आबांनी घट्ट धरून ठेवल्या होत्या.