फाट्यावरच्या गाड्या

मागच्या बाकावर बसून मंजुषाने लॅपटॉपवर सर्व्हर बंद करण्याचा हुकूम टाइप केला आणि एंटरवर बोट नुसतं टेकवून ठेवलं. समोर देवेश पडद्याशेजारी उभा राहून खाकरत होता. अंगात नवा कोरा शर्ट, तोंडात साखर.

कॉम्प्युटर क्लासमध्ये प्रोजेक्ट जोडीने करायची पद्धत होती. पाचोडच्या बाजारातले मोसंबीचे भाव मोबाइलवर दाखवायचे, ही कल्पना मंजुषाची. रोजचे भाव बाजारातून तिचे वडील बद्रीनाथ भरायचे. भाव साठवायचा कसा, मागेल त्याला पाठवायचा कसा, हे सगळं सर्व्हरवरचं काम तिने रडत-कढत शिकून केलं. देवेशने पानाला रंग दिले. बोलायला तो चांगला, म्हणून सादर त्याने करायचं, तिचं नाव शेवटी घ्यायचं, असं ठरलं होतं. आज सकाळी त्याने विश्वजित सरांना सांगितलं, प्रोजेक्ट माझ्या एकट्याचा आहे, मंजुषाने थोडी मदत केली. चितेगावच्या कंपनीतून नीरजा मॅडम आल्या होत्या आणि त्या एकालाच नोकरीवर घेणार होत्या.

मंजुषाच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती भांडली नाही. देवेशने तिच्या सगळ्या फायली आपल्या लॅपटॉपवर उतरवल्या होत्या खऱ्या, पण त्याचं पान अजूनही तिच्याच सर्व्हरला भाव विचारत होतं. गड्याला त्याचा पत्ताच नव्हता. होऊ दे चारचौघांत शोभा, असं म्हणून तिने एंटर दाबलं.

पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. देवेशने पान पुन्हा उघडलं, मग हसून नेटला दोष दिला. विश्वजित सरांनी वायफाय तपासून पाहिलं, ते ठणठणीत होतं. देवेशच्या कपाळावर घाम आला. मंजुषा ते डोळे भरून पाहत होती. तिला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. वडिलांचा होता. तिने कापला, तो पुन्हा वाजला. फोनचा कानाशी धरायचा स्पीकर बिघडलेला असल्यामुळे आवाज मोठ्यानेच बाहेर यायचा. बाहेर पॅसेजमध्ये जाता आलं असतं. पण तिने देवेशकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून जागेवरूनच फोन उचलला.

"मंजे, तुझं ते भावाचं बंद पडलंय का गं?" बद्रीनाथ मळ्याच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे बोलत होते. "लिलाव सुरू झालाय, मी भाव भरायलोय तर जायनाच. लोकं गाड्या घेऊन फाट्यावर थांबलेत. पाचोडला यावं का जालन्याला जावं, कळना त्यांना. सगळे मलाच धरायलेत. म्हणतेत, तुमच्या पोरीला इचारा."

फाट्यावरच्या गाड्या मंजुषाच्या मनात आल्याच नव्हत्या. त्यातले निम्मे लोक तिच्या ओळखीचे होते. उन्हात उभे राहून मोबाइलकडे पाहणारे ते चेहरे तिच्या डोळ्यांपुढे आले आणि मघाचं बरं वाटणं कुठल्या कुठे गेलं.

"थांबा, बाबा. करते."

तिने सर्व्हर पुन्हा सुरू केला. पडद्यावरचं चक्र थांबलं, भाव आले. नीरजा मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, मग मागच्या बाकाकडे मान वळवली.

"आलं, आलं," देवेश घाईने म्हणाला. त्याच्याकडे कुणीच पाहिलं नाही.

फोनमधून बाजाराचा गलका येत होता. बद्रीनाथांनी कुणाला तरी भाव ओरडून सांगितला, मग ते परत फोनवर आले.

"दिसायलं बघ. पण कुणी बंद पाडलं व्हतं गं, माय?"

मंजुषाने देवेशकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. त्याचं नाव घेतलं असतं, तर या घडीला सगळ्यांनी मानलं असतं. नीरजा मॅडम तर उत्तराची वाटच पाहत होत्या.

"मीच," ती म्हणाली.