नव्या राजासाठी प्रार्थना

बर्लिनमधला प्रशियाचा पंतप्रधान हुशार, हे आमच्या गावात त्याला शिव्या देणारेसुद्धा मान्य करतात. उन्हाळ्यात त्याने ऑस्ट्रियाला लोळवलं, लगेच त्याच्याशी गोडीगुलाबीने तह केला आणि आमचं हॅनोव्हरचं राज्य गिळून मोकळा झाला. आता सगळे जर्मन एक होणार म्हणे. त्या एकीपायी आमचा एकुलता एक योर्गेन लांगेनझाल्त्साच्या लढाईत गेला.

मग हुकूम आला की रविवारच्या प्रार्थनेत प्रशियाच्या राजाचं नाव घ्यायचं. शेजारच्या गावच्या पाद्रींनी घेतलं नाही, त्यांना शिपाई किल्ल्यात घेऊन गेले. माझे यजमान ल्युडर आमच्या गावचे पाद्री. गेल्या हिवाळ्यापासून त्यांच्या खोकल्यातून रक्त पडायचं. किल्ल्यातल्या ओलीत ते टिकले नसते.

"अहो, नाव तर घ्यायचंय नुसतं," मी म्हटलं.

"आपलं पोर मारणाऱ्याचं, गेशे?"

"पोर गेलं. आता तुम्हीही निघालात का?"

ते चष्मा पुसत बसले. मला त्यांचा संताप आला आणि भीती तर त्याहून जास्त वाटत होती.

रविवारी पहिल्याच बाकावर प्रशियाचा लेफ्टनंट. घंटा वाजवणारा हार्म माझ्या कानाशी पुटपुटला, "वहिनी, साहेब देवाला हजेरी द्यायला आलेत की आपल्या पाद्रीबुवांची घ्यायला?" मला हसू आलं नाही.

प्रार्थनेला सगळे उभे राहिले. पिकांसाठी मागणं झालं, सगळं चर्च म्हणालं, "आमेन." आजाऱ्यांसाठी झालं, "आमेन." मग ल्युडर थांबले. लेफ्टनंटने मान वर केली. ल्युडरनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या राजाला, विल्हेल्मला, देव सांभाळो."

कुणी तोंड उघडलं नाही. हार्मनेही नाही. लेफ्टनंट वळून एकेका बाकाकडे पाहू लागला. हे सगळं पाद्रीनेच पढवलंय असं त्याला वाटणार, हे मला कळलं.

"आमेन," मी एकटीच म्हणाले. चांगलं मोठ्याने.

लेफ्टनंटचं समाधान झालं. बाहेर पडल्यावर माझ्याशी कुणी बोललं नाही. त्याचं मला काही वाटत नाही. माझा नवरा जिवंत आहे, रोज माझ्यासमोर बसून सूप पितो. फक्त जेवणाआधीची प्रार्थना ते आता मनातल्या मनात म्हणतात. माझ्या आमेनला जागाच ठेवत नाहीत.