डावीकडे पनवेल, उजवीकडे हॅम्बुर्ग

मित्रांनो, मी एक जुनं भिंतीवरचं घड्याळ आहे आणि मला तोंडं दोन आहेत. म्हणून लगेच मला दुतोंडी म्हणू नका. तो मान दुसऱ्याचा आहे.

नऊ वर्षांपूर्वी पनवेलच्या महादेव घड्याळजींनी एका सागवानी चौकटीत दोन तबकड्या बसवून मला जन्म दिला. मला करवून घेतलं इंद्रजीतने. त्याला हॅम्बुर्गच्या बंदरात नोकरी लागली होती. खांदा कॉलनीतल्या घरी आईबाबांना त्याची वेळ कळावी, म्हणून माझी डावी तबकडी पनवेलची आणि उजवी हॅम्बुर्गची, दोन्हींखाली गावाच्या नावाची चिठ्ठी. दोन वेळांत काही तासांचा आणि वर अर्ध्या तासाचा फरक, त्यामुळे माझे मिनिटकाटे कायम एकमेकांच्या उलट दिशेला. त्याचंही मला कौतुक होतं.

दर रविवारी त्याचा फोन स्पीकरवर असे, त्यामुळे हॅम्बुर्ग मला न पाहताच पाठ झालं. तिथे सात बेचाळीसची बस सात बेचाळीसलाच येते. कोणाकडे जायचं तर पंधरा दिवस आधी तारीख ठरते आणि माणूस त्या मिनिटाला दारात हजर. पनवेललाही एके काळी बंदर होतं, पण इथली तऱ्हा निराळी. "पाच मिनिटांत पोचतो" म्हणणारा अजून आंघोळीला गेलेला नसतो, आणि न बोलावता आलेला शेजारी चहा घेतल्याशिवाय उठत नाही. इंद्रजीतचे बाबा, कृष्णकांत, हॅम्बुर्गची शिस्त सगळ्यांना अभिमानाने सांगत. आई आशालताबाई मला रोज पुसत, उजवी तबकडी जरा जास्तच.

तिकडे हिवाळ्यात घड्याळं एक तास मागे नेतात. ऑक्टोबरअखेर इंद्रजीत न चुकता सांगे, "बाबा, उजवा काटा एक तास मागे." त्याने सांगितल्याशिवाय मला हात लावायचा नाही, हा घरचा नियम.

गेल्या सप्टेंबरात आशालताबाई मोरीत घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. खालच्या मजल्यावरचा अली जहाजावर काम करतो. तो रजेवर आला होता, त्याने त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. "आई, इतक्या लांबून लगेच कसा येऊ?" इंद्रजीत फोनवर म्हणाला. त्यांना ते पटलं. मग ऑक्टोबर संपला, पण काटा मागे करा असं काही त्याने सांगितलं नाही.

डिसेंबरात एका रविवारी अली घरी बसला असताना इंद्रजीतचा फोन आला. इकडे दुपारचे बारा वाजले होते.

"तिकडे किती वाजले रे?" आशालताबाईंनी नेहमीसारखं विचारलं.

"साडेआठ."

माझी उजवी तबकडीही साडेआठच दाखवत होती. अली हसला. "काका, घड्याळ चुकलंय. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. आता तिथे साडेसात, बाहेर काळोख असेल. गेल्या डिसेंबरला आमचं जहाज तिथेच लागलं होतं."

"मग हा साडेआठ कसे म्हणतो?" कृष्णकांतांनी फोन हातात घेतला. "इंद्रजीत, तू आहेस कुठे?"



"खारघरला," तो म्हणाला. "जूनपासून. तिकडची नोकरी सुटली, मग इथे मिळाली. सांगितलं असतं तर तुमच्याकडेच राहायला यावं लागलं असतं, बाबा."

खारघर, मित्रांनो! इथून वीस मिनिटं. आई दवाखान्यात कण्हत होती, तेव्हा तो वीस मिनिटांवर होता.

कृष्णकांतांनी मला खाली काढलं आणि "खोटारडं कुठलं!" म्हणत उजव्या बाजूचा सेल उपसला. चोर सोडून संन्याशाला फाशी! ज्याच्या शब्दावर मी नऊ वर्षं चाललो त्यानेच मला फसवलं, आणि पलंगाखाली मात्र मी. फार लागलं ते मला.

दोन महिन्यांनी आशालताबाईंनी काठी टेकत मला बाहेर काढलं. सेल घातला, उजवी तबकडी पनवेलच्या वेळेला लावली आणि हॅम्बुर्गच्या चिठ्ठीवर 'खारघर' अशी नवी चिठ्ठी चिकटवली. माझे मिनिटकाटे पहिल्यांदाच एका जागी आले.

इंद्रजीत आता तारीख देतो हॅम्बुर्गसारखी, आणि येतो पनवेलसारखा. गेल्या रविवारी अकराला येणार होता. दोन वाजले तरी ताटं झाकलेलीच होती.

"तिकडे किती वाजले असतील हो?" आशालताबाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"दोन," कृष्णकांत म्हणाले आणि ताटं उचलायला उठले.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण तू कुठे आहेस असं घरच्यांनी विचारलं, तर खरं सांगा. तुमच्या शब्दावर कोणीतरी काटे लावून बसलेलं असतं.