शनिवारचा डबा

“बाई, भूक मारायची गोळी रोज खाऊनही माणूस बारीक नाही झालं, तर चूक गोळीची का माणसाची?”

प्रेमलतेनं उभं राहून हे विचारलं आणि नववीच्या सगळ्या वर्गानं तोंडावर ओढण्या-पदर घेतले. मागच्या बाकावरच्या विजया आणि अलका तर एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या, कारण पैज त्यांचीच होती. सौंसरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेत दात-डोळे तपासायला यायच्या, आणि जाताना “कुणाला काही विचारायचंय?” असं म्हणायच्या. दरवर्षी सगळ्या मुली यावर जमिनीकडे पाहत बसत. यंदा मधल्या सुट्टीत विजया म्हणाली होती, “पेमे, तुह्या आईच्या गोळीचं विचारून दाखव. आठवडाभर माठ भरायची तुही पाळी मी करतो.”

उन्हाळ्यापर्यंतची प्रेमलता असती तर तिनं आठवडाच काय, वर्षभर माठ भरला असता पण उभी राहिली नसती. पण पंधरा ऑगस्टला तहसीलदारांसमोर तिनं पाच मिनिटं भाषण केलं होतं, एकदाही न अडखळता, आणि त्या दिवशी जी भीती गेली ती काही परत आली नव्हती. आता तिला वाटायचं, विचारायला काय जाते?

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हातातली बॅटरी विझवून पिशवीत टाकली.

“गोळी कोण घेतं?”

“माही आई.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

“नागपूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली.”

“मग प्रश्न चांगला आहे. बाकीच्यांनी जा. तू थांब.”

जाता जाता अलकानं डोळे मोठे करून पाहिलं. पैज जिंकली होती, पण प्रेमलतेला आता माठाची आठवणही राहिली नव्हती.

गोष्ट अशी होती. प्रेमलतेची आई, कलाबाई, हिच्या बेंबीपाशी दोन वर्षांपासून एक गोळा आला होता. खोकलं की तो बाहेर यायचा, दुखायचा, आणि कलाबाई हातानं दाबून कामाला लागायची. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन केलं पाहिजे, पण इतक्या वजनावर टाके धरणार नाहीत. आधी दहा पाउंड उतरवा. त्यासाठी खाण्याचा एक कागद दिला, आणि भूक कमी करणाऱ्या बेचाळीस गोळ्या. सहा आठवड्यांनी, दसरा झाल्यावर, या. वजन उतरलं तर लगेच ऑपरेशन.

आता वजन करायचं कुठं? प्रेमलतेचे वडील पुंडलिकराव कापसाच्या जिनात तोलाईवर होते. कापूस यायला अजून अवकाश होता, काटा रिकामाच होता. एका दुपारी जिनात कुणी नसताना त्यांनी बायकोला कापसाच्या काट्यावर बसवलं. दोन मण साडेआठ शेर. म्हणजे पाच शेर उतरवायचे होते. तीन आठवड्यांनी परत बसवलं, तर उतरला होता जेमतेम अर्धा शेर.

शाळेच्या ओसरीत डॉक्टरीणबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं.

“गोळ्या नीट घेते ना? विसरत नाही?”

“मुळीच नाही,” प्रेमलता ताठ होऊन म्हणाली. “हिशोब माझ्याकडे आहे. दर रविवारी रात्री मी बाटली मोजते. एकवीस दिवस झाले, एकवीस गोळ्या कमी. एकही इकडची तिकडं नाही.”

“आणि तब्येत कशी असते? झोप लागते?”

“एरवी लागते. पण रविवारी नाही लागत. रविवारी तिले काय होते देव जाणे. मागच्या रविवारी घरातली सगळी तांब्या-पितळेची भांडी घासली, मंग शेजारच्यांची मागून आणली. कपात चहा ओतून राहिली तर हात असा थरथरे. म्हणे छाती धडधडते, पाणी आणलं विहिरीवरून म्हणून. मंगळवारीही तसंच. मंगळवारी तिनं गादीचा कापूस पिंजून काढला.”

“रविवारी आणि मंगळवारी. मधल्या सोमवारी?”

“सोमवारी तर बिचारी निपचित असते. उपास असते ना. शनिवारी जामसावळीच्या मारुतीचा, सोमवारी महा…”

प्रेमलता तिथंच थांबली. तिनं बोटांवर वार मोजले. शनिवार, रविवार. सोमवार, मंगळवार. मग तिचं बोट आपोआप तोंडाशी गेलं.

“बाई, चिठ्ठीवर लिहिलं आहे, सकाळी जेवणाआधी एक. उपासाच्या दिवशी ती जेवतच नाही.”

“आणि तुझी बाटली मात्र बरोबर भरते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता घरी जा आणि तिला विचार. उद्या तिला दवाखान्यात घेऊन ये. बाटली, चिठ्ठी आण. आणि उद्या सकाळी गोळी द्यायची नाही. एकही नाही.”

प्रेमलता भाजीच्या गुजरीतून अशी पळाली की भाजीवाली अंबाबाई ओरडली, “काहून गं पोरी, घरी आग लागली का?”

कलाबाई शेंगदाणे भाजत होती. उद्याच्या उपासाचे. प्रेमलतेनं दम न घेता विचारलं, आणि आईनं कढईवरची नजर न काढता सांगून टाकलं, जणू त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

“उपासाले जेवण नसते, मंग जेवणाआधीची गोळी कशी घेऊ? आणि डॉक्टर म्हणे, गोळी चुकवायची नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेतो. चुकली का एक तरी? तूच तर मोजतं.”

“अवं आई, दोन कशा घेतं? अन् उपासाले काय खातं तू?”

“काही नाही खात. उपास असते म्हटलं ना. उलीसा साबुदाणा, दोन लाडू दाण्याचे, बटाटे. ते काय जेवण आहे?”

“डॉक्टरांच्या कागदावर साबुदाणा आहे का?”

“कागदावर भाकर आहे, वरण आहे, ताक आहे. जेवणाचं लिहिलं त्यानं. उपासाचं कोणी लिहिते का? देवाचं असते ते.” मग तिला आणखी काही आठवलं. “पुढच्या शुक्रवारी घट बसते. नऊ दिवस राहतील, नऊ गोळ्या. त्या मी दसऱ्यापासून तीन-तीन करून घेऊन टाकीन. नागपूरले जायच्या आत बाटली रिकामी पाहिजे ना.”

प्रेमलता चुलीपाशी खालीच बसली. दोन गोळ्यांनी हात थरथरतात, तर तीन गोळ्यांनी काय होईल, आणि तेही नऊ दिवस साबुदाण्यावर काढल्यावर? आणि हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर झालं असतं. शेवटी रिकामी बाटली पाहून तिनं हिशोब बरोबर म्हटला असता.

संध्याकाळी पुंडलिकराव आले तेव्हा घरात भांडण पेटलेलं होतं. कलाबाईचं म्हणणं एकच, उद्या शनिवार, जामसावळीचा मारुती, अकरा शनिवारांचा नवस बोलली आहे, पाच झाले, सहावा चुकणार नाही. दवाखाना पुढच्या आठवड्यात पाहू.

पुंडलिकरावांनी टोपी खुंटीला लावली. “मोटर सौंसरवरूनच जाते. आधी दवाखाना, मंग मारुती. मीही येतो.”

“अन् वजन उतरलं नाही म्हणून त्या बाईनं गोळ्या बंद केल्या तर? नोव्हेंबरच्या एक तारखेपासून नागपूर मुंबईच्या राज्यात जाऊन राहिलं. आपण इकडंच, मध्य प्रदेशात. मंग तो डॉक्टर हात लावीन का मले?”

“डॉक्टर काय नकाशा पाहून नाडी धरते का?” पुंडलिकराव म्हणाले. “पेमा, बाटली घेऊन ठेव.”

बाटली प्रेमलतेनं उशाखाली घेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी सौंसरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कलाबाईची नाडी बराच वेळ धरली, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, छातीला नळी लावली. पुंडलिकराव दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. प्रेमलता बाईंच्या चेहऱ्याकडे असं पाहत होती जसं परीक्षेचा निकाल लागतो आहे.

“अजून काही बिघडलेलं नाही,” बाई शेवटी म्हणाल्या. “पण कलाबाई, दोन गोळ्या एका दिवशी कधीच नाही. चुकली ती चुकली, तिची भरपाई करायची नसते. छाती धडधडली, झोप उडाली, हात थरथरले, की गोळी थांबवायची आणि डॉक्टरला गाठायचं. आता या बंद. मी नागपूरला पत्र लिहिते. ते पुन्हा सुरू करा म्हणाले तर सुरू, आणि ते सांगतील तितकीच, सकाळी.”

“मंग वजन कसं उतरीन?” कलाबाईचा आवाज बारीक झाला.

“गोळी वजन उतरवत नाही. ती नुसती भूक थोपवते, म्हणजे कागदावरचं कमी खाणं तुम्हाला जड जाऊ नये. उतरतं ते खाण्यानं. डब्यात काय आहे?”

कलाबाईनं उपासाचा डबा काढला. पितळेचा, एकावर एक तीन ताळी. वरच्या ताळीत साबुदाण्याची खिचडी, दाण्याच्या कुटानं पांढरी झालेली, तूप वर आलेलं. मधल्या ताळीत तळलेले बटाटे. खालच्या ताळीत चार दाण्याचे लाडू. दवाखानाभर वास सुटला, आणि बाहेर बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं वाकून आत पाहिलं.

“हा डबा किती दिवसांचा?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“आजचा.”

“तुमच्या कागदावरच्या दोन दिवसांच्या जेवणापेक्षा हा जास्त आहे. आणि आठवड्यातून दोनदा.”

कलाबाईनं डब्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. पुंडलिकराव छताकडे पाहू लागले, कारण त्या लाडवांतले दोन नेहमी त्यांचेच असत.

“देवाचं म्हणून मी मोजलंच नाही कधी,” ती म्हणाली.

“आता मोजा. ऑपरेशन व्हायचं असेल तर रोज सारखं खायचं. एक दिवस उपाशी, एक दिवस ओकारी येईस्तोवर, हे चालणार नाही. आणि टाके भरेपर्यंत उपास नाहीत.”

मोटरीनं तिघं जामसावळीला गेली. मारुतीपुढं ती डोळे मिटून उभी राहिली, आणि प्रेमलतेला कळलं की आई देवाशी भांडत नाही, त्याला तोंड कसं दाखवू असं विचारते आहे. बोललेले अकरा शनिवार अर्धे सोडून ऑपरेशनच्या टेबलावर ही चढणारच नाही. गोळ्या असोत नसोत, वजन उतरो न उतरो.

दर्शन झाल्यावर तिघं झाडाखाली बसली. कलाबाईपुढं उपासाचा डबा. प्रेमलता आणि पुंडलिकराव यांच्यात एक कापडाचं गाठोडं, त्यात ज्वारीच्या भाकरी, मेथीची भाजी आणि ताकाची लोटी.

“खा तुम्ही,” कलाबाई म्हणाली. “मी आज काहीच नाही खात. खाल्लं तर डॉक्टरीणबाई रागवते, नाही खाल्लं तर…”

“नाही खाल्लं तरी रागवते,” पुंडलिकराव म्हणाले. “मारुतीले आपण समजावून सांगू का?”

“तुम्ही सांगा. तुमचं ऐकते तो. माझ्यापाशी तर जीभच नाही.”

प्रेमलतेच्या अंगात तेच आलं जे वर्गात उभी राहताना आलं होतं. आतून कुणीतरी ढकलतं आहे असं. ती उठून उभी राहिली. बसल्या बसल्या सांगण्यासारखी गोष्ट ही नव्हतीच. तिनं आईच्या पुढचा पितळेचा डबा उचलून आपल्यापुढं ठेवला, आणि आपल्या वाट्याची भाकर, त्यावर मेथीची भाजी, आईच्या हातात दिली.

“पेमा, काय करून राहिली?”

“आजी आजारी पडली तेव्हा तिच्या उरलेल्या एकादश्या आत्यानं पुऱ्या केल्या. तूच सांगितलं होतं मले. देवानं नाही म्हटलं का?”

“ते वेगळं होतं.”

“वेगळं नव्हतं. तीही लेकच होती.” प्रेमलतेनं एकदा मंदिराकडे पाहिलं आणि एकदा आईबाबांकडे. “मी ठरवलं आहे. आजपासून शनिवार माझे, हा धरून सहाच्या सहा. घट बसले की नवरात्रही माझं. सोमवार बाबांचे.”

पुंडलिकरावांचा हात भाकरीवर होता तो तिथंच राहिला. “माझे?”

“तुमचे. लाडू खाता ना सोमवारचे, मंग उपासही करा. आई रोज कागदावरचं खाईन, सणाले अन् वाराले सुद्धा. गोळीचं पत्र नागपूरहून आलं की त्यात असंन तसं, सकाळी एक. अन् मी आता नुसती बाटली मोजणार नाही. रोज सकाळी समोर बसीन.” तिनं डब्याची खालची ताळी उघडली, दोन लाडू काढून कागदात बांधले आणि दवाखान्यातल्या त्या म्हाताऱ्यासाठी म्हणून पिशवीत ठेवले. “अन् हा डबा पुढच्या शनिवारपासून एकाच ताळीचा.”